वजा

आधी शिसाचा मासा पुलाखाली सोडायचा,
त्याच्या पाठीवर सहा वाट्यांची फिरकी.
मग कानाला हेडफोन लावून
चाळीस सेकंद दुसरं काही ऐकायचं नाही.
टिक. टिक. टिक.
पाणी आमच्याशी एवढंच बोलतं.

दाभोळच्या खाडीच्या चिंचोळ्या तोंडाशी
मी दोन हंगाम हेच ऐकलं.
सहा तास समुद्र आत, सहा तास बाहेर,
आणि मधे घटकाभर पाणी उभं,
निघालो कशाला होतो ते विसरल्यासारखं.
बदलीच्या दिवशी साहेब हसले होते :
मराठवाड्यात काय मोजणार, धूळ?

आज मंजरथच्या अलीकडे, सिंदफणेच्या पुलावर,
नऊला वेग शून्य पूर्णांक बेचाळीस.
दहाला एकोणीस.
अकराला हेडफोन दाबून धरला तरी
एक टिक नाही.
वायर तुटली म्हणून मी शिव्या घातल्या.

लिंबाजी भोई कठड्याला टेकून तंबाखू मळत होता.
"वायर धड हाये, बाई. गंगा फुगलीय.
हिला आत घेईना. आता बघा, माघारी येती."

आमच्या पुस्तकात याला फुगवटा म्हणतात.
त्यात कुणी कुणावर फुगलेलं नसतं.

साडेअकराला एक टिक.
मग भराभर. शून्य पूर्णांक एकतीस.
पण वाट्यांना दिशा कळत नाही,
पाणी इकडून येवो की तिकडून,
त्या आपल्या एकाच अंगाला फिरतात.
मासा वळला असेल तोंड फिरवून,
त्या गढुळात कुणाला दिसतो?

लिंबाजीनं ज्वारीचं चिपाड
पुलाच्या खालच्या अंगाला टाकलं.
आम्ही दोघं वरच्या कठड्यावर वाकलो.
आलं.
पुलाखालून निघालं आणि माजलगावकडे चालू लागलं,
काल जिथून आलं होतं ते पाणी, तिकडेच.

नोंदवहीत खोली, फेऱ्या, सेकंद, वेग.
दिशेचा रकाना नाही.
मी पेन्सिलीनं एकतीसच्या आधी
एक आडवी रेघ ओढली.

"हे काय, बाई?"
"वजा. म्हणजे उलटं पाणी."

त्यानं तंबाखू तशीच हातात धरली.
"माझा बाप इथंच बुडाला. मी नऊ वर्षांचा.
फौजदारानं तीन दिवस
समदी माणसं खाल्लाकडं लावली, गंगेत.
घावला वर, बाभळीत."

पुलावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, कठडा थरथरला.

"एक रेघ तवाचीबी वढा."

मी साल विचारलं.
त्याला साल माहीत नव्हतं.