कोट तिथंच राहू दे

ये, रूबेन. बूट काढू नकोस आज,
फरशी सोमवारपासून दुसऱ्यांची आहे.
ही लुंका. ड्रेव्हर, आईबापांकडून अस्सल,
कागद पिशवीत आहेत.
लुंका म्हणजे आमच्याकडे रमतगमत धावणं,
तिला दुसरं धावता येतच नाही.
पाय एवढेसे, छाती होडीच्या नाळेसारखी,
शेपटीच्या टोकाला पांढरं, तिथं रंग संपला असावा.

हरणं तिला भीत नाहीत.
पुढं चालतात, थांबतात, मागं वळून बघतात,
चिकट नातेवाईक मागे लागल्यासारखी.
ती नाकासमोर चालते. म्हण नव्हे, खरंच.
नाक खाली गेलं की बाकीचं जग तिच्या पाठीमागं.
मग शिटी वाजव, सॉसेज दाखव,
एवढाले कान असून ठार बहिरी.
ऐकत नाही असं नाही. ऐकते, मग ठरवते.

कान दर रविवारी.
कोमट पाण्यात पिळलेला फडका बोटाला गुंडाळून,
दिसतं तेवढंच पूस, खोल जाऊ नकोस.
आंबलेल्या पिठाचा वास आला तर डॉक्टरकडे.
मला आता वास कळत नाही, सिक्स्टेन हुंगायचा.
ती त्याचे हुंगायची.

वजनाला काटा नको, बरगड्यांवरून हात फिरव,
स्वेटरखालची बटणं लागतात तशा लागायला हव्यात.
उपाशी असल्याचं सोंग तिच्याइतकं कुणाला जमत नाही.
बटाट्याचा एक गोळा दिलास की जन्माचा देणेकरी झालास.
गाडीतून उडी मारू देऊ नकोस.
लांब पाठ, आखूड पाय, मणका एकदा रुसला की रुसला.
फळी शेडमध्ये आहे, तीही ने.
बोटांमध्ये बर्फाच्या गोळ्या धरतात,
त्या फुंकर घालून वितळव. हसतोस काय, मीही तेच करते.
मे महिन्यात गोचिड्या. आधी काखेत बघ.
आणि वरच्या चढावर लांडग्याचे ठसे दिसले
तर सोडूच नकोस तिला. कॉफी पी, घरी ये.
लाज कसली त्यात.

तिचा आवाज तुला कळायला एक हिवाळा जाईल.
माग ताजा असला की बारीक, घाईचा.
हरीण दिसलं की तुटक, वर चढलेला.
ओढ्यापाशी माग हरवला की गप्प.
तेव्हा सिक्स्टेन शंभरापर्यंत मोजायचा.
मी इथं खिडकीत, काही ऐकू येत नसताना, मोजायची.

आता मुख्य.
अंधार पडला, पट्ट्यातली बॅटरी मेली, ती आली नाही,
तर रानभर ओरडत फिरू नकोस.
जिथं सोडलीस तिथं परत जा,
अंगातला कोट काढ, जमिनीवर टाक,
घरी जाऊन झोप. झोप येणार नाही, ते सोड.
सकाळी ती कोटावर असते,
वेटोळं करून, आणि उशीर तुलाच झालेला असतो.
एकदा मात्र तीन रात्री लागल्या.
तिसऱ्या सकाळी कोटावर दंव गोठलेलं
आणि मधोमध तिच्याएवढी कोरडी जागा.
ती जरा बाजूला, पाय चाटत.

सिक्स्टेन फेब्रुवारीत गेला, दवाखान्यातच.
ही रोज दाराशी.
मग मी त्याचा कोट दाराच्या आत टाकला.
तिच्यासाठी, असं म्हणाले.
एप्रिलपर्यंत उचलला नाही.

कार्लस्टाडच्या खोलीत कुत्रं चालत नाही,
माणसं कशीबशी चालतात.
पहिले काही दिवस ती इकडं येईल, सात किलोमीटर,
तिच्या चालीनं. नव्या लोकांना तुझा नंबर दिलाय.

तो कोट मी देत नाही, मागू नकोस.
तुझा काढ.
थंडी आहे, माहीत आहे मला.
इथं टाक, पायरीखाली. नीट पसरू नकोस, पडू दे कसाही.
आता गप्प बस.
तिच्याकडे बघू नकोस.
ठरवते आहे ती.