सगळं धरून

समुद्र नाही हे आम्हाला ठाऊक होतं.
गंगापूर धरणाच्या काठाला
वीसेक हायवा वाळू ओतून त्याला बीच म्हणतात,
आणि नारळाची चार झाडं, बांबूचा टेकू दिलेली,
नुकती दवाखान्यातून आल्यासारखी.

लेकीने पैसे भरले. तीन दिवस, दोन रात्री,
सगळं धरून.
काउंटरवरच्या मुलीने मनगटाला निळी पट्टी बांधली,
राखी बांधावी तशी, पण न ओवाळता.
"शिरसाठ सर, आता पाकीट काढायचंच नाही."
ह्यांनी तरी खिसा चाचपला.

एकतीस वर्षं नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्यात.
दिवसभर हाताखालून लोकांचे पैसे,
आणि संध्याकाळी गेटवर झडती:
खिसे, डबा, चपलेचा तळ.
डब्यात उरलेली अर्धी भाकरी असली
तर तीही उलटून बघायचे.
कधी कधी हे घरी येऊनही
दारात हात वर करून उभे राहायचे, सवयीने.
मी म्हणायचे, या आत, काही सापडलं नाही.

पहिला दिवस माझा विचारण्यातच गेला.
हे लिंबूपाणी धरून? धरून, मॅडम.
ही दुसरी खुर्ची? धरून.
आणि हा टॉवेलचा हंस, तो मोडला तर?
तीनला केक, पाचला भजी,
सातला इथल्याच द्राक्षांची वाईन.
एक घोट घेतला आणि मी असं तोंड केलं
की हे हसले, रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा.
नाहीतर खाऊन खाऊन किती खाणार?
पोट काही पॅकेजमध्ये वाढवून देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी चपला काढून वाळूत बसले.
भरड वाळू, मधेच काळा खडा,
मधेच शिंपला, नखाएवढा, गोड्या पाण्यातला.
छत्र्या लावणाऱ्या पोराला विचारलं, ही कुठली रे?
इकडेतिकडे बघून म्हणाला,
"गिरणानी शे, मावशी. रातले गाड्या येतस."

गिरणा.
आम्ही वाळूत झिरा उकरायचो,
कोपरभर खाली गेलं की पाणी हळूच वर यायचं,
मग वाटीवाटीने हंडा भरायचा.
वाटी खाली टेकली की दाणे खरखरायचे.
आता तिथे, भाऊ सांगतो, पुरुषभर खड्डे.
मी त्या पोराशी माझ्या भाषेत बोलायला लागले,
चाळीस वर्षांत जिभेवर न आलेले शब्द,
आणि हे खुर्चीवरून नुसते बघत राहिले,
जणू बायको कुठल्या परदेशी बाईशी बदलली.

रात्री मी एवढंच म्हटलं,
माहेरी जायला गाडीला चार तास लागतात,
माहेर इथे एका रात्रीत आलं.
ते काही बोलले नाहीत.
अंगठा चादरीवर चालत होता,
झोपेत मोजायचा चालतो तसा.

निघताना त्या मुलीने विचारलं,
फ्रिजमधलं काही घेतलं का, सर?
हे म्हणाले, नाही.
गेटवर वॉचमनने दांडी उचलली, सलाम ठोकला,
आणि ह्यांनी दोन्ही हात वर केले.
तो बिचारा गोंधळला. "नाही नाही साहेब, जा की!"

सोमेश्वर मागे पडल्यावर
पॅन्टच्या खिशातून त्यांनी पुडी काढली.
बाथरूममधली प्लास्टिकची टोपी,
आत वाळू, वर पक्की गाठ.
माझ्या मांडीवर ठेवली
आणि खिडकीबाहेर बघायला लागले.
कान लाल झाले होते, चोर म्हणून नवखे.

आज चौथा दिवस. पट्ट्या अजून दोघांनी कापल्या नाहीत.
जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून,
चष्मा कपाळावर, बोट ओलं करून
हे दाणे मोजतायत,
शंभरा-शंभराची चळत लावल्यासारखे.
चहा घेताय का, मी विचारलं.
थांब गं, म्हणाले,
चारशे बारा झालेत, मध्ये बोलू नकोस.