ओळंबा

प्राध्यापक लुंदेमूंच्या वहीत एवढीच नोंद होती:
खुजांच्या साम्राज्याचा ओळंबा. काळा दगड, मुठीएवढा.
खऱ्यापाशी सरळ लोंबतो, खोट्यापाशी कलतो.
हरवला. केव्हा, ते माहीत नाही.

त्या उन्हाळ्यात मी त्यांची पेटी वाहायचो,
एकोणीस वर्षांचा, पायांत चुलत्याचे उतरलेले बूट.
फ्योर्डच्या काठाकाठाने, एका शेतावरून दुसऱ्या शेतावर.
ते म्हाताऱ्यांना विचारायचे, मी दौत धरायचो.

डोंगराखाली म्हणे सातशे दालनं होती.
उन्हाचा कवडसा लागला की दगड होणारी ती माणसं
रात्रीला दिवस म्हणत,
आणि त्यात कुणाला काही खोटं वाटत नसे.
सिंहासनावर हा टांगलेला.
सम्राटाने रोज त्याच्याखाली उभं राहून
एक वाक्य बोलायचं, मग सगळ्यांनी कामाला लागायचं.
एकदा कुणा पोरसवद्या खाणकऱ्याने विचारलं,
चांदी अजून किती उरलीय?
पुष्कळ, सम्राट म्हणाला.
दोरी कलली.
सगळ्या दरबाराने ते पाहिलं
आणि सगळा दरबार आपापल्या दाढीकडे बघत राहिला.
दुसऱ्या दिवशी खुंटी रिकामी.
डोंगर खचला तो बऱ्याच वर्षांनी.
तोवर पुष्कळ हा शब्द
त्यांच्या भाषेत शिवी झाला होता.

गुनवोरच्या घरात वाळत्या गवताचा वास होता.
भिंतीला टेकलेला उभा माग,
ताण्याच्या झुबक्यांना बांधलेले दगड,
ओढ्यातले, साधे, भोक पाडलेले.
मी मोजले. सव्वीस.
तिने आंबट दूध दिलं, कागदासारखी पातळ, कडक भाकरी दिली.
असा एखादा दगड, बाई, कधी ऐकण्यात?
नाही, ती म्हणाली.
डावीकडून नववा
कलला.

वारा नव्हता. मांजर चुलीपाशी झोपलेलं.
बाकीचे पंचवीस मुकाट सरळ.
प्राध्यापक मान खाली घालून 'नाही' लिहीत होते,
सुवाच्य अक्षरात, तारखेसकट.

तिने माझ्याकडे पाहिलं.
मी पाहिलंय, हे तिने पाहिलं.

ते पाइप ओढायला बाहेर गेले तेव्हा म्हणाली:
एइलिफ लोफोटेनला निघाला, कॉड धरायला, जानेवारीत.
दारात उभा राहून म्हणाला, ईस्टरला येतो.
मी विणत होते. हात थांबला नाही माझा.
मे महिन्यात चर्चमध्ये बुडालेल्यांची नावं वाचली,
त्यात त्याचं होतं.
बायका आल्या. समुद्राने नेला गं, म्हणाल्या,
एकेक जण म्हणाली,
आणि एकेकीगणिक हा हलला.
काळे कपडे मी घातलेच.
कुठेतरी आहे तो. सुखात असेल,
असं म्हणून बघते मी कधीकधी, रात्री.

मग काय होतं? मी विचारलं.

तिने सुटलेला एक धागा दातांनी तोडला.
तेव्हा मी दिवा लावत नाही, म्हणाली.

परतताना बोटीत प्राध्यापक म्हणाले,
तुला काही दिसलं का रे तिथे?
नाही, मी म्हणालो.
ते पाण्याकडे बघत होते, मी पेटीच्या कड्यांकडे.

त्या घराचा पुढे लिलाव झाला.
माग कुणी जळणाला नेला.
दगड कुणी मागितले नाहीत, ओढ्यातच गेले असतील,
हजार दगडांत एक.
मी तिची एक घोंगडी घेतली, निळी-करडी,
जिची एक कड तिरपी आहे.
बायको रोज पलंगावर अंथरते आणि रोज विचारते,
ही सरळ का बसत नाही?
विणताना हात थांबला असेल, मी म्हणतो,
आणि माझ्या बाजूने
ओढून घेतो.