'की' मला समजत नाही

परशूनं घरी बसून लिहिलेला खेळ.
चित्र नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं:
'तू अंधाऱ्या खोलीत आहेस. उत्तरेला दार आहे.'
मी एका बोटानं लिहिलं, दार उघड की.
'की मला समजत नाही.'

आमच्या वडगावात की लावल्याशिवाय
कोण कुणाचं ऐकतंय बे?

जा की, बघ की, सोड की
करत तीनदा त्याच खोलीत मेले.
परशू मागावर तुटला धागा जोडत हसला,
'मावशे, थोडक्यात बोल. काय करायचं, कशाला. संपलं.'

थोडक्यात तर येतं मला.
जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडत एकवीस वर्षं गेली:
भोक असलं तर धागा वर,
नसलं तर खाली.
त्यात कुठं होता की?

मग चालू लागले.
कंदील घे. पेटव. पूर्वेला जा.
लाईट बिलाच्या पाठीवर नकाशा काढला,
विहीर दोनदा आली, एकदा खोडली.

शेवटच्या दाराशी मात्र अडले.
उघड. ढकल. फोड.
किल्ली लाव. 'तुझ्याकडे किल्ली नाही.'

साडेअकराला गल्लीतले माग थांबले.
कान एकदम रिकामे झाले.
कंटाळून लिहिलं,
शेजारच्या बसव्वाच्या दाराशी म्हणते तसं:
बागला तगी, यव्वा.

दार उघडलं.
आत एकच ओळ होती:
'किती वेळ लावलास गं, चहा गार झाला की.'