शॉर्टकट

लॅपटॉप पाच जणांचा.
वर्गणी काढून घेतलेला, सेकंडहँड.
झाकणावर जुन्या मालकाचं नाव, अरबीत,
ते आमच्यात फक्त दिलावर परकारला वाचता येतं
आणि तो दर वेळी वेगळंच वाचतो.

हमरियातली खोली, रुवीच्या टोकाला.
एसीचं पाणी रंगाच्या बादलीत ठिबकतं.
शुक्रवारी पाळी लावून घरची तोंडं बघायची,
माणशी वीस मिनिटं.
बाकीच्यांनी तेवढ्यात गच्चीवर कपडे वाळत घालायचे,
सुकले तरी तिथेच रेंगाळायचं.

कॉल धड लागत नव्हता, म्हणून ते सॉफ्टवेअर आणलं
कुणाच्यातरी पेन ड्राइव्हवरून. फुकट.
मयेकर म्हणाला, ‘चलतला.’
चाललं. चार दिवस.

पाचव्या सकाळी सगळी फोल्डरं शॉर्टकट झालेली.
नाव तेच, पिवळा रंग तोच,
कोपऱ्यात फक्त एक वाकडा बाण.
‘बायोडाटा’, ‘आईचे रिपोर्ट’, ‘तन्मयीचं बारसं’.
टिचकी मारली की बारसं उघडेना,
जुगाराचं पान नाचत यायचं
आणि माझं अभिनंदन करायचं.

अँटिव्हायरस होता. नव्हता असं नाही.
खालच्या कोपऱ्यात त्याची ढाल, लालभडक,
मुदत संपून एकशे बारा दिवस झालेली.
रोज विचारायचा, नूतनीकरण करायचं?
रोज आम्ही म्हणायचो, नंतर.
आता पगार थकलेल्या राखणदारासारखा
खुर्चीत बसून खोकत होता,
चोरांना वाट सोडत.

मयेकरनं आणखी तीन उतरवून घेतले, फुकटच.
पहिल्यानं दुसऱ्याला पकडलं,
दुसऱ्यानं तिसऱ्याला,
तिसरा म्हणाला, धोके सापडले: चार हजार तीनशे बारा,
चाळीस डॉलर भरा.
‘चार हजार?’ दिलावर ओरडला,
‘खोलीत ढेकूण नाहीत रे एवढे!’
हसलो. मग कुणी हसलं नाही,
कारण पाडावे विचारत होता, हळूच,
‘माझं पण गेलं काय?’

अनंत पाडावे. अकरा वर्षं इथे.
त्याचं फोल्डर एकच: ‘न्यू फोल्डर ३’.
एक आणि दोन कुठे गेली, कुणी विचारलं नाही.

जिन्याखाली कुंजुमोनचं दुकान.
फॉरमॅटचे अडीच रियाल, म्हणाला, सगळं पुसून.
आम्ही पाचही जण त्याच्या टेबलाभोवती उभे,
ऑपरेशनच्या दाराशी उभे राहतात तसे.
त्यानं एकदा आमच्याकडे पाहिलं,
काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली
आणि एंटर मारलं.

फोल्डरं आली.
फिकट, धुतल्या नोटेसारखी,
पण आली.
‘नथिंग डिलीट,’ कुंजुमोन म्हणाला, ‘ओन्ली हिडन.’
खात्री करायला त्यानं एकेक उघडत नेलं:
आईची साखर, दोनशे दहा.
तन्मयीच्या कानात तोंड घातलेली माझी बहीण.
मग न्यू फोल्डर ३.

आत एकच पान होतं.
टु द मॅनेजर, सर,
आय हिअरबाय रिझाईन.
खाली सही. तारखेची जागा रिकामी.
फाइल बनवली होती सात वर्षांपूर्वी.

कुंजुमोन की-बोर्डवरची धूळ फुंकू लागला.
मयेकरला अचानक मोबाइलची कव्हरं बघायची होती.
अडीच रियाल पाडावेनं एकट्यानंच दिले,
वर्गणी घेतली नाही.

रात्री बादली भरून वाहिली,
उठून कुणी रिकामी केली नाही.
लॅपटॉपवर तीच ढाल, तोच प्रश्न.
या वेळी कुणी ‘नंतर’ म्हणालं नाही.
‘दोन वर्षांचं घेतलं तर स्वस्त पडतं,’ दिलावर वाचत होता,
या वेळी बहुतेक खरंच.

पाडावे भिंतीकडे तोंड करून पडला होता.
झोपलाय असं वाटलं.
‘एक,’ तो म्हणाला.
‘एकच घ्या.’