पुन्हा अलीकडून

पवनी फाट्यावर, बस येईस्तोवर
प्राची उईके भावाच्या फोनवर
एक बैल नाल्यावरून उडवते.
पडतो.
पडतो.
मी मोजतो: चौदा वेळा.
फोन रागवत नाही,
नाल्याच्या अलीकडे बैल पुन्हा उभा करतो.

"सर, पयले नाला लहान रायते,
मंग रुंद होत जाते.
मेल्याबिगर अंदाज येत नाई."

ऑगस्टात अपूर्णांकांत तिला
वीसपैकी तीन दिले मी
आणि दशांशाकडे निघून गेलो,
वर्ग मागे येतोय असं धरून.

पंधराव्यांदा बैल पलीकडे टेकला.
तिनं वर पाहिलंही नाही;
पुढचा नाला जरा रुंद होता.

बस आली. पिशवीतून तिची वही काढली.
लाल तीन खोडता येईना.
खाली पेन्सिलीनं एक लहानसा नाला:
अर्धा अधिक पाव.