तीस सेकंद

राउटरवर तांबडा दिवा.
प्रांजल ओरडते, आई, मॅडमचं तोंड परत अडकलं.
"समीकरणाच्या दोन्ही बाजू" इथवर आलं
आणि उघडंच राहिलं.

विट्यात, मायणी रस्त्याला, मागांच्या खटखटीमागच्या गल्लीत
आमचं घर. दोन मजली. सेलमच्या गलाईवर उठलेलं.
हे तिकडं सोनारांच्या दुकानातला केर जाळतात,
गाळतात, सोनं वेगळं काढतात.
खोट कुठली, ते शोधायचं माझ्या वाट्याला
पहिल्यांदाच आलेलं.

कंपनीला फोन लावला. एक दाबा, चार दाबा,
मग बराच वेळ बासरी, मग एक पोरगी:
मॅडम, बंद करा. तीस सेकंद थांबा. चालू करा.
तीस सेकंद म्हणजे
तव्यावरच्या भाकरीला पाणी फिरवून
ती उलटेपर्यंत.
हिरवा लागला.
साडेसहाच्या शिकवणीला परत तांबडा.

मग एकेक बघत गेले.
वायर उंदरानं कुरतडली का? नाही.
बिल थकलं का? वर्षाचं भरलंय ह्यांनी, एकदम.
राउटर लोखंडी कपाटामागं होता,
वर पितळी घागर पालथी. दोन्ही हलवलं.
माळ्यावर ठेवून बघितला,
तिथं नेट फक्त कबुतरांना.
शेवटी फोन तळहातावर आडवा धरून घरभर फिरले,
पाणाड्या नारळ धरून रानात फिरतो तशी.
न्हाणीत तीन रेघा, देवघरात एक,
प्रांजलच्या टेबलाशी कोरडं.

शनिवारी नौशाद मुलाणी आला.
खिशात पाना, कानामागं पेन्सिल.
दुमडलेली केबल सरळ केली, पिन फुंकली,
माझ्याच फोनवर कुठलंसं पान उघडलं
आणि म्हणाला, वहिनी, मशीन चांगलं हाय,
वाटेकरी वाढलाय.
यादीत प्रांजलचा टॅब. टीव्ही. माझा फोन.
आणि चौथं काहीतरी, नाव नसलेलं,
नुसती अक्षरं न् आकडे,
रात्रंदिवस जागं.
शेजारचं पोरगं असेल, मी म्हटलं, भरतीचा अभ्यास करतंय.
न्हाई वहिनी. ह्ये घेत न्हाई. ह्ये पाठवतंय.

दोघांनी एकदमच वर बघितलं.
तोरणाच्या खिळ्याशेजारी कॅमेरा,
दिवाळीत ह्यांनीच लावलेला, चोरांसाठी.
तेव्हा त्याचं तोंड दाराकडं होतं.
आता सोप्याकडं.
फिरतोय त्यो, मोबाइलवरनं, नौशाद म्हणाला,
आणि नसलेल्या पिना खिशात शोधत बसला.

मागच्या मंगळवारी फोन होता:
निळी नेसून कुठं गेलतीस?
त्याआधी एकदा: पाय दुखतोय का, सारखी बसतीस.
मला वाटलं होतं,
इतक्या लांबून किती ओळखतंय माणूस.

पासवर्ड बदला, नौशाद म्हणाला.
मग ज्याला लागंल त्यो मागून घेईल.
जुना पासवर्ड दुकानाचं नाव होतं, पुढं सालासकट.
नवा मी एकटीनं टाकला. त्यानं तोंड फिरवलं,
मागायला न लावता.
टॅब जोडला. टीव्ही जोडला. माझा फोन.
चौथ्यानं काही मागितलं नाही.
त्याला तोंड नाही, नुसता डोळा.

आतल्या खोलीत मॅडमचं वाक्य सुटलं:
दोन्ही बाजू सारख्या ठेवायच्या,
इकडून काढलं तर तिकडूनही काढायचं.

नौशाद गल्लीच्या टोकाला पोचला नसेल
तेवढ्यात सेलमहून फोन.
घरचं नेट गेलं का गं?
तांबडा दिवा आलाय, मी म्हटलं.
कंपनीची पोरगी म्हणते, तीस सेकंद थांबा.

तवा तापला होता.
भाकरी टाकली, पाणी फिरवलं, उलटली.
दुसरी थापली.
मोजलं नाही.